चैतालीला न्यायला काका आले

१३ जून १९९६, गुरुवार
सुरतेत उधन्याच्या पाळणाघराचा व्यवस्थापक म्हणून पहिला आठवडा पूर्ण. सव्वीस मुलं. पालक खानदेशी, गुजराती, यूपीचे, बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. मला पालकांची भीती वाटत नाही. सकाळी आठला सगळे एकदम दारात येऊन बोलू लागले की तळहात ओले होतात, एवढंच. हवामान.
संकल्प: प्रत्येक कुटुंबाशी रोज दोन मिनिटं संवाद. बडोद्याच्या शिबिरात मला 'उत्तम श्रोता' असं सर्टिफिकेट मिळालंय.

१७ जून, सोमवार
संवाद सुरू. यूपीच्या एका बाईंनी बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी हसून मान डोलावली. त्या रडायला लागल्या. हसणं बंद करायचं, मान चालू ठेवायची.
नीलम मुलं सांभाळते. नवागामच्या खानदेशी वस्तीत वाढलेली, वय बावीस. म्हणाली, "सर, नाही समजलं तर विचारायचं ने." विचारलं की पालकांचा विश्वास उडतो. तिला अनुभव नाही.

२० जून, गुरुवार, सकाळी ८.२०
चैतालीची आई अंजनाबाई घाईत होत्या. डिंडोलीला राहतात, मूळच्या धुळ्याकडच्या, साडीच्या कारखान्यात धागे कापतात. अहिराणीत भराभर बोलल्या. 'काका उना', म्हणजे काका आला, आणि 'पोर' स्पष्ट ऐकू आलं. बाकीचं साधारण लक्षात आलं. दोनदा मान हलवली. वहीत नोंद: आज काका नेणार.

दुपारी १.००
काका आले. नाव भिकन. चैताली साडेतीन वर्षांची, नीलमच्या मागे लपली. नीलम म्हणाली, आधी आईला विचारू या. मी वही दाखवली. भिकनच्या तोंडाला वास होता, पण लूमवर कसले कसले वास असतात. पोर दिली.

संध्याकाळी ६.१५
अंजनाबाई आल्या. "पोर कोठे शे?" काकांनी नेली, म्हणालो. बाई मटकन खाली बसल्या.
सकाळी काय सांगितलं होतं ते त्या पुन्हा बोलल्या; सकाळी आत मुलांपाशी असलेल्या नीलमने मला समजावलं: "तिना काका उना तरी पोर देऊ नका." गेल्या महिन्यात हा पिऊन तिला उधना स्टेशनवर विसरून आला होता.
नीलम ओरडतेय, सर, लिहिता काय, चला.

२१ जून, शुक्रवार
काल भिकन स्टेशनबाहेर बाकावर झोपलेला सापडला. पोर कुठे, त्याला आठवेना. आतून गाडीची शिट्टी आली. अंजनाबाई धावल्या.
फलाटावर मी लोकांना विचारत होतो, "आपल्या दृष्टीस एखादी लहान बालिका पडली का?" लोक बाजूने निघून जात. नीलम गुजरातीत, हिंदीत, अहिराणीत हाका मारत होती.
फलाटाच्या टोकाला सापडली. रुळांपासून चार पावलांवर. एका केळीवाल्या मासीने आपला पदर तिच्या मनगटाला बांधून ठेवला होता. मासी गुजराती बोलत होती, चैताली अहिराणी. खुशाल गप्पा चालल्या होत्या.
अंजनाबाई चैतालीला उचलून सरळ घरी गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
आज राजीनामा लिहिला. मग फाडला. अशा वेळी पाळणाघराला जबाबदार माणूस हवा.

२४ जून, सोमवार
साडेसातपासून दारात उभा. अंजनाबाई येणार नाहीत असं वाटलं. खरं तर तशी आशाच होती. आल्या. दुसरीकडे ठेवणार कुठे? माझ्यासमोर थांबून काहीतरी बोलल्या. मान आपोआप हलायला लागली. आवरली. म्हणालो, "नाही समजलं." आवाज चिरकला.
त्यांनी नीलमला विचारलं, "यासले मराठी येत नही का?"
नीलम म्हणाली, "शिकी ऱ्हायनात." शिकतोय म्हणे.
मग अंजनाबाई थोड्या वाकल्या आणि एकेक शब्द तोडून, बोट नाचवत, तेच मला पुन्हा सांगू लागल्या. चैतालीही शेजारी उभी राहून बोट नाचवत होती.