खालून येणारी बादली

५ जानेवारी
संस्थेनं ही वही दिली त्याला नऊ दिवस झाले. रोजच्या रोज लिही, असं बजावलं होतं. मी रोज म्हणालो, उद्या. आज केनिया-इथिओपिया सीमेवरच्या मोयालेहून ट्रकमधल्या मिठाच्या पोत्यांवर बसून इथं पोचलो आणि लाज वाटून लिहायला बसलो. जागा झकास! पत्र्याची खोली, दाराला कडी, शंभर पावलांवर विहीर. पाऊस तीन हंगाम चुकलाय. चाळीस घरांची गुरं या एका विहिरीवर तगून आहेत. तिच्यावर सौरपंप बसवून द्यायचा, एवढंच माझं काम. धाकी नावाच्या म्हातारीनं लोण्यात तळलेली कॉफीची बोंडं दिली आणि विचारलं, शाळा कितवीत सोडलीस? सातवीत, म्हटलं. म्हणाली, मग निदान तुझा पंप तरी शिकलेला असू दे.

७ जानेवारी
विहिरीतल्या शिडीवर माणसं एकाखाली एक उभी राहतात. चामडी बादली हातोहात वर येते, सोबत गाणं. आपल्या धन्याचं गाणं ओळखून गुरं धावत येतात. आज मीही उभा राहिलो, खालून दुसरा. खांदे कामातून गेले. माझ्याखाली मोलू नावाचा इथलाच एक गुराखी, शेवटच्या पायरीवर, त्याच्याखाली अंधार. मोलू एकदाही वाकला नाही. रिकामी बादली सोडायचा, हात पसरायचा, भरलेली हातात यायची. वर आल्यावर विचारलं, खाली कोण होतं? म्हणाला, दुबा. मी म्हटलं, मग त्याला जेवायला हाक मारा की! धाकी म्हणाली, बारा वर्षं जेवला नाही तो, आज कशाला जेवतोय?

९ जानेवारी
पाण्याच्या पाळ्या जार्सोकाका ठरवतात. त्यांनीच सांगितलं. बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात विहिरीचा कडा ढासळला, तळाशी उभा असलेला दुबा गाडला गेला. गुरं तीन दिवसांची तहानलेली. त्याला उकरत बसले असते तर सगळी मेली असती. म्हणून गाणं चालू ठेवलं, बादली सोडली. ती भरून आली. तेव्हापासून त्यानं गायलं की उत्तर द्यायचं, त्यानं दिलेली बादली घ्यायची. काका म्हणाले, घ्यायला हात नसला तर तो बघायला वर येईल, पोरा.
नव्या माणसाची फिरकी घेतात हे लोक.

१४ जानेवारी
पंप बसला. विहिरीच्या तोंडावर पत्रे ठोकले. काका नको नको म्हणत होते. टाकी भरली, पोरं भिजली. गुरं मात्र तोंड लावेनात. गाणंच नाही, तर पितील कशी?

१६ जानेवारी
भर दुपारी पत्र्याखालून गाणं आलं. मी स्वतः ऐकलं. सगळी गुरं टाकी सोडून पत्र्यांकडे धावली. काका ओरडले, उघड ते, उत्तर दे! पण उद्या संस्थेची माणसं काम बघायला येणार. मी नाही उघडलं.
पंप कोरडी हवा ओढतोय. कालपर्यंत पाणी होतं.

१७ जानेवारी
गाडी आली नाही. लोक गुरं घेऊन दक्षिणेच्या विहिरीकडे निघाले. दोन दिवसांची वाट, निम्मी गुरं वाटेतच पडतील. धाकी जाताना म्हणाली, हातांची साखळी तू तोडलीस, आता तूच उभा राहा तिथं.
गाणं चालूच आहे. शिडी करकरते —

१८ जानेवारी
सकाळी गाणं थांबलं. पत्रे आतून उचकटलेत. चिखलाची पावलं टाकीपर्यंत — टाकीपासून इकडे. उत्तर द्यायला हवं होतं, पण गाण्याचे शब्द मी कधी शिकलोच नाही —

दुपार
कडी लावली होती. मी स्वतः लावली होती.
वाट बघत होतो गाडीची. दारात आलाय तो — तोंडात माती, हातात बादली. काठोकाठ. थेंब सांडत नाही. काही करत नाही, फक्त पुढे धरून उभा आहे. लांब कुठंतरी गुरं हंबरताहेत —
घेतली पाहिजे. घ्यायला दोन्ही हात लागतात, म्हणून ही वही