आमच्या वार्ताहराकडून

४ जुलै, सोमवार

वर्गात शिरले आणि चाळीस पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या! मी मुकाट्याने तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. चाळीस पोरं उभीच. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "बसा रे, या आपल्यातल्याच आहेत." वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी मला इतक्या सहज आपल्यात घेतलं नव्हतं.

कारण साधं आहे. वडिलांचा शाळेवर विश्वास नव्हता. त्यांनी घरीच संस्कृत पढवलं. मला रूपं चालवता येतात, श्लोक जुळवता येतो, पण दाखला मागितला की बाहेरून दिलेल्या दहावीपलीकडे हात रिकामे. बावीस वर्षं पेपरात वार्ताहर आहे, आजवर कुणी मागितला नाही. आता वृत्तप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली आणि मालकांनी नियम काढला – किमान बारावी. संपादक म्हणाले, "ताई, मी खुर्ची धरून ठेवतो. तुम्ही तेवढा कागद आणा."

तेव्हा सकाळी सात ते अकरा विद्यार्थिनी, बारापासून वार्ताहर. कला शाखा, कारण गणिताशी माझी ओळख फक्त वाण्याच्या बिलापुरती.

५ जुलै, मंगळवार

बाक फार लहान आहे. की मी फार मोठी? या विषयावर दोन मतप्रवाह आहेत.

१५ जुलै, शुक्रवार

'इतिहास आणि समाज'च्या बाई एकतीस वर्षांच्या. उंचीने फळ्याच्या निम्म्या. त्यांनी पहिला गृहपाठ दिला होता – आपल्या रस्त्यावर एक पान. मी अकरा मिनिटांत पाडलं. बावीस वर्षांचा हात आहे, म्हटलं, पोरांनी बघून शिकावं.

आज वह्या परत मिळाल्या. माझ्या पानावर तीन लाल वर्तुळं.

'जाणकारांच्या मते' – कोण हे? नाव?
'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' – सर्वत्र म्हणजे कुठे कुठे?
'असे बोलले जाते' – कोण बोललं? तुम्ही होतात तिथे?

दहापैकी चार. शेजारी बसणाऱ्या मुलीला नऊ. सतरा वर्षांची आहे, दिसेल त्याच्याशी वाद घालते म्हणून वर्ग तिला वकिलीण म्हणतो. तिने माझं पान वाचलं, मान तिरकी केली.

"काकू, हे जाणकार म्हणजे तुम्हीच ना?"

"अडचणीच्या वेळी, हो."

१८ जुलै, सोमवार

बाईंची पद्धत अशी: लिहिलेल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर घालायचं. पाहिलं असेल तर प. ऐकलं असेल तर ऐ. वाचलं असेल तर वा. आणि यातलं काहीच नसेल तर म – म्हणजे मनचं. "मनचं लिहायला बंदी नाही," बाई म्हणाल्या. "फक्त म घालायची लाज बाळगू नका."

मी माझं जुनं पान घेऊन बसले. एक प. एक वा. बाकी खालपर्यंत नुसते म, म, म. समास बेडकांनी भरल्यासारखा वाटू लागला.

२२ जुलै, शुक्रवार

वेड लागलंय मला. रस्त्याने चालताना प, ऐ, प, प करत चालते. परवा पोलीस ठाण्यात फौजदारांनी सांगितलं, "जमाव पाचशेचा होता." मी विचारलं, "तुम्ही मोजला?" ते म्हणाले, "आज काय झालंय तुम्हाला?" शेवटी निघाले साठ. साठ छापले. काय बरं वाटलं!

घरीही तेच. आमचे हे घड्याळजी. बाजारपेठेच्या टोकाला दुकान आहे, माणूस मुळात अबोल. आज उशिरा आले.

"दुकानात गर्दी होती," म्हणाले.

"पाहिलेली की मनची?"

डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावरच होतं; ते काढून खिशात ठेवलं. "मनची. पत्ते खेळत होतो."

चोवीस वर्षांच्या संसारात जे कळलं नाही ते समासातल्या एका अक्षराने कळलं. शाळा ही काय चीज आहे हे वडिलांना समजायला हवं होतं.

१ ऑगस्ट, सोमवार

आज बाईंनी एक झेरॉक्स वाटली. 'प्रत्यक्ष साक्ष कशी असावी याचा नमुना.' आमच्याच पेपरातली एकोणीस वर्षांपूर्वीची बातमी. जुना पूल बंद झाला त्या दिवशीची. वर लिहिलंय – आमच्या वार्ताहराकडून.

बाईंनी पुलाच्या राखणदाराचं वाक्य मोठ्याने वाचलं. "मी पूल राखला नाही, दोन काठांचं नातं राखलं. आता या पाण्याशेजारीच माझा शेवट." वाचताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. "बघा," म्हणाल्या, "शाळेची पायरी न चढलेला माणूस. पण काय बोलून गेला. खूण कोणती घालाल?"

चाळीस पोरं एका सुरात – "ऐ!"

मी तोंडात पेन्सिल धरून बसले होते. ती वार्ताहर मी आहे. आणि ते वाक्य राखणदार कधी बोललाच नाही. मी रचलं. कचेरीच्या जिन्यात, तीन पायऱ्यांत.

२ ऑगस्ट, मंगळवार

नव्या पुलावर जाऊन आले. ते वाक्य तिथे संगमरवरात कोरलंय. माझ्या आयुष्यातलं एकमेव छापखान्याबाहेरचं प्रकाशन.

९ ऑगस्ट, मंगळवार

राखणदार आहे अजून. एक्याऐंशी वर्षांचा, नव्या पुलाखालच्या खोलीत एकटाच राहतो. शाळा सुटल्यावर गेले.

दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत छातीवर हात ठेवून सुरू झाला, "मी पूल राखला नाही, दोन काठांचं –"

"आजोबा, थांबा. ती बातमी लिहिणारी मी."

त्याने डोळे बारीक करून बघितलं. "छत्री होती तुझ्याजवळ. एक काडी मोडलेली."

"हो."

"मी खरं काय म्हणालो होतो, आठवतंय?"

"आठवतंय. 'बाई, बाजूला व्हा, कुलूप लावायचंय.'"

दोघेही इतके हसलो की त्याला ठसका लागला आणि मला त्याची पाठ चोळावी लागली. मग मी शाळेचं सांगितलं. समासातली अक्षरं सांगितली. म्हटलं, हे वाक्य मागे घ्यावं म्हणते.

त्याने हसू आवरलं. "पोरी, वर्षातून दोनदा शाळांच्या सहली येतात. कुणी हार घालतं, कुणी फोटो काढतं. बाजूला व्हा म्हणणाऱ्याला बघायला कोण येणार? राहू दे. एकोणीस वर्षं वापरलंय, आता माझंच झालंय ते."

मी निघताना म्हणाला, "वाक्य चांगलं आहे बरं का." बावीस वर्षांत ही एवढीच समीक्षा मिळाली, तीही त्याच्याकडून ज्याच्या तोंडी ते घातलं.

१० ऑगस्ट, बुधवार

वकिलिणीने सत्रप्रकल्पासाठी विषय निवडला. राखणदार! वर्गातला सर्वांत चांगला प्रकल्प आंतरशालेय स्पर्धेला जाणार, आणि ती जिंकायला निघालीय. "काकू, तुम्ही पेपरात आहात, त्यांची ओळख करून द्या ना. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं की समासात ऐ घालता येईल. पक्का पुरावा."

तो म्हणूनही दाखवेल. छातीवर हात ठेवून. आणि ती पोर माझ्या थापेवर ऐ घालून स्पर्धेला जाईल.

म्हटलं, बघते.

१८ ऑगस्ट, गुरुवार

आठ दिवस बघतेच आहे. म्हाताऱ्याला शब्द दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. बोलले तर त्याचे हार जातात. नाही बोलले तर वकिलीण फसते. आणि बोलले तर माझी खुर्चीही जाते, कारण स्वतःच्या हाताने दुरुस्ती छापून घेणारी वृत्तप्रमुख कुठल्या मालकाला हवी असेल?

शेवटी ह्यांना सांगितलं. एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"म्हणजे जागा जाईल."

"जाईल."

"मग काय करशील?"

"तुमच्याकडे घड्याळं पुसेन."

"त्यालाही बारावी लागते," म्हणाले, आणि पुन्हा भिंग लावलं. थोड्या वेळाने खाली बघूनच म्हणाले, "तू रोज सकाळी शाळेला जाताना गुणगुणतेस. आधी कधी गुणगुणायची नाहीस. हे पाहिलेलं आहे. प घाल."

२३ ऑगस्ट, मंगळवार

सत्र संपत आलं. प्रत्येकाने एक पान वाचायचं होतं – 'या सत्रात माझ्यात काय बदललं.' हेच पान प्रकल्पाच्या गुणांत धरणार. पोरांनी छान लिहिलं. एकाने लिहिलं, आता तो आजोबांच्या गोष्टी तारीख विचारून ऐकतो, त्यामुळे आजोबा गोष्टी सांगेनासे झालेत.

माझी पाळी आली. मी नवीन काहीच लिहिलं नव्हतं. ती बातमी पानावर चिकटवली होती आणि प्रत्येक ओळीसमोर अक्षर घातलं होतं. वाचत गेले. पुलाची लांबी – वा. गर्दी – प. शेवटची बैलगाडी – प. राखणदाराचं वाक्य – म.

"ऐ म्हणायचंय का तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. म."

"पण वार्ताहराने स्वतः ऐकलंय ते. तुम्हाला काय माहीत?"

"आमच्या वार्ताहराकडून म्हणजे माझ्याकडून."

वकिलीण पहिल्यांदाच बोलायची थांबली. भिंतीवरच्या घड्याळाने अकरा सेकंद – मोजले मी. मग म्हणाली, "काकू, तुम्ही माझा प्रकल्प बुडवलात." पुन्हा चार सेकंद. "की वाचवलात? थांबा, मला ठरवू द्या. नाही, वाचवलात. आता माझा विषय तुम्ही. उद्या मुलाखत. खोटं बोलायचं नाही."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत – म. वळल्या तेव्हा हसत होत्या – प. "सहा वर्षं," त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "सहा वर्षं शिकवतेय मी हे वाक्य. नमुना म्हणून!"

घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. दुष्कृत्य कबूल केल्यावर माणसाने खिन्न व्हावं असा शास्त्राचा संकेत असावा. मी मात्र वाटेत दुकानात शिरून ह्यांना गिऱ्हाइकांसमोर टाळी दिली.

२४ ऑगस्ट, बुधवार

संपादकांपुढे दुरुस्ती ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"एकोणीस वर्षांनी, ताई?"

"उशिरा हाती आलेलं वृत्त म्हणून छापा."

"आणि खुर्ची?"

"ती मालकांना विचारा."

ते हसले नाहीत. पण कागद छापायला पाठवला.

१ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्ती आली. पान पाच, टायरच्या जाहिरातीखाली. बोटभर मजकूर, पण माझ्या लेखी पहिला शंभर टक्के खरा.

प्रकल्पाला वीसपैकी एकोणीस. एक गुण हस्ताक्षराचा कापला! वकिलिणीला वीस, तिचा प्रकल्प स्पर्धेला चाललाय, मथळा – 'एक थाप कशी रचली जाते: वार्ताहराच्या तोंडून'. माझ्या जिन्यातल्या तीन पायऱ्या तिने मोजून लिहिल्यात.

खुर्ची क्रीडा पानवाल्याला गेली. त्याला बारावी आहे, दोनदा दिलेली. ह्यांनी बातमी ऐकून विचारलं, "शाळा सोडणार?" म्हटलं, खुळे आहात का, पुढच्या सत्रात अर्थशास्त्र आहे.

एकच काम राहिलंय. म्हाताऱ्याचे हार मी काढून घेतले, आणि त्याला तोंड दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.

४ सप्टेंबर, रविवार

गेले. खोली रिकामी. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, तिने पेपर वाचून दाखवला त्याच दुपारी सामान बांधून लेकीकडे गेले, डोंगरावर. हसत गेले. माझ्यासाठी निरोप ठेवलाय – "तिला सांगा, मला पाण्याची जन्मभर भीती वाटते. लेक एकोणीस वर्षं बोलावतेय. पण पाण्याशेजारीच शेवट म्हणून छापून आलेला माणूस निघणार कसा?"