पहाटेचा कंदील

माय,

खुराड्यात आता दिवा आपोआप लागतो. पत्र्यावर सोलरची पाटी आहे, आत बॅटरी आहे, आणि पहाटे चारला दिवा लावून उजाडल्यावर विझवणारं एक छोटं यंत्र आहे. शेतातल्या आपल्या घरी वीज अजून आलेली नाही. खांब पलीकडच्या विहिरीपाशी येऊन थांबले ते थांबलेच. तुझा कंदील खुंटीवर आहे. काच तडकली आहे, पण टाकवत नाही. थंडीत दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यावर दिवस लांबवायचा उपाय मात्र आपल्या शेतवाटेवरच्या घरांत तू एकटीच करायचीस. दिवाळी झाली की रोज पहाटे अंगावर घोंगडी, हातात कंदील. दाराशी थांबून आधी बोलायचीस, "मीच हाय वं बायांनो, भेवू नका." मग आतून ती हलकी कुरकुर यायची, ओळखीच्या माणसासाठीच कोंबड्या करतात ती. त्यानंतरच तू कडी काढायचीस.

मला त्या उठण्याचा वैताग होता. मी शहाणपणा करून एकदा कंदील संध्याकाळीच लावला, जेवणं उरकून आले आणि फुंकर मारून विझवला. उजेड होता तोवर कोंबड्या खालीच दाणे टिपत फिरत होत्या. एकदम अंधार झाल्यावर त्यांना झोपायची काठी सापडलीच नाही. सकाळी सगळ्या एका कोपऱ्यात ढीग करून बसलेल्या, आणि ढिगाच्या तळाशी तुझी ठिपक्यांची तलंग, ती कोवळी कोंबडी, चेंगरून मेलेली. तू ती उचलून माझ्या हातावर ठेवलीस. "हे पाह्य. सांज तिची तिले पाहू दे. हळूहळू अंधारलं तं ते आपली काठीवर चढते. उजेड वाढवाचा तं पहाटी वाढव, अन् त्याच्यासाठी आपण उठाव लागते." तिचं अंग हलकं होतं आणि पूर्ण गार. माझ्या तळहातांना ते अजून आठवतं.

त्याच हिवाळ्यात तुला ताप आला. धाड गावच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि गारठ्यात बाहेर पडू नका म्हणून बजावलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, लावीन मी दिवा. वीस वर्षांची होते, काही लहान नव्हते. दोन पहाटा लावलासुद्धा. तिसऱ्या पहाटे मी गोधडीत आहे, पायांना आत्ता कुठे ऊब आली आहे, आणि पलीकडून तुझा खोल गेलेला आवाज येतो, "उठतं का वं, दिवा लावाले?" तू हाक एकदाच मारायचीस, दुसऱ्यांदा कधी नाही. मग खोकला. मग काड्यापेटीचा आवाज. मग दार. बाहेर तू कोंबड्यांशी बोललीस, तेही मी ऐकलं.

चौथ्या दिवशी तू गेलीस. बाया जमल्या. शेजारची काकू डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काऊन गेली असंन वं ते बाहेर?" आणि मी म्हणाले, "मला उठवलंच नाही तिनं." इतकंच. ते वाक्य माझ्याआधी गावात पोचलं. तेव्हापासून तू हट्टी झालीस. 'कोंबड्यांपायी गेली बाई, कोणाचं आयकेच ना,' असं आजही तुझ्याबद्दल बोलतात, हसतातही कधी कधी, आणि मी मान हलवते. तुझी नातसुद्धा तुला तशीच ओळखते. परवा ती म्हणाली, "आजीले एवढा कसा जीव होता वं कोंबड्याईचा?" मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

आता जे सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. या थंडीत रोज पहाटे, दिवा लागायच्या आधी, मिट्ट अंधारात खुराड्यातून ती कुरकुर येते. भीतीची नव्हे. भीतीचा कालवा मला कळतो. दिवसा मी सगळं तपासलं, मुंगसाचं बीळ नाही, सापाची कात नाही, जाळी शाबूत आहे. या कोंबड्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. तरी त्या कुरकुरतात, थोड्या वेळाने गप्प होतात, आणि मग दिवा लागतो. मला तुझी भीती वाटते, आणि तुझी भीती वाटते याची लाज वाटते.

हे पत्र कुठे धाडायचं? घडी घालून कंदिलामागे खोचून ठेवीन. लेक वाचेल या धास्तीने उद्या काढूनही घेईन. सोलर बसवला तेव्हा सगळे म्हणाले, आईची आठवण ठेवली पोरीनं. तसं नाही. त्या वेळी उठून त्या दाराशी जायला लागू नये, म्हणून बसवला. त्या पहाटे मी जागी होते. आजही असते. रोज गोधडीत पडून ऐकते, आणि अजून तुला ओ देत नाही.