पाच दिवसांची मुदत

अप्पा, तुमचं मशीन, घरची मेल आणि वेबसाइट चालवणारा तो कॉम्प्युटर, अजून चालू आहे. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या फळीवर, तिथंच. इन्व्हर्टरची लाइन आपल्याकडे फक्त त्या खोलीत होती, म्हणून सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाल्या झाल्या तुम्ही ते तिथं बसवलंत आणि त्याच दिवशी आईला बजावलंत की फोडणीचं तेल मशीनच्या पंख्यात जातं, आजपासून ओट्यावर फोडणी बंद. आईनं मरेपर्यंत फोडणी मागच्या गॅलरीत दिली. पाऊस असला की एका हातात छत्री, एका हातात कढई. आणि तुम्ही आत बसून सटाण्याच्या मामांच्या कांद्याच्या आडतीची वेबसाइट सजवत असायचात, जी तुमच्याशिवाय कुणी उघडल्याचं मला तरी माहीत नाही.

घरातल्या प्रत्येकाला तुम्ही आपल्या आडनावाचा मेलचा पत्ता दिलात. फुकट मेल देणारे आपली पत्रं वाचतात, आपली पत्रं आपल्या घरातच राहिली पाहिजेत, हे रोजचं पालुपद. एकदा मी विचारलं, लाइट गेली आणि मशीन बंद पडलं तर? तुम्ही केवढे खूश झालात. "पाठवणारं मशीन पाच दिवस दार वाजवत राहतं. तेवढ्यात उघडलं तर मेल आत. नाही उघडलं तर आल्या पावली परत." इतक्या मायेनं तुम्ही मला दुसरं काहीच शिकवलं नाहीत.

दादा परदेशी गेला आणि तिथून त्यानं फुकटच्या पत्त्यावरून मेल पाठवली, एवढ्यावरून तुम्ही त्याचा घरचा पत्ता पुसून टाकलात, त्याच्याशी बोलणंही टाकलंत. माझं तर त्याहून सोपं होतं. पुण्याच्या एका कॉलेजात मुलाखत चांगली झाली होती. अर्जावर पत्ता तुमच्याच मशीनचा, कारण दुसरा तुम्ही चालू दिला नसतात. त्याच आठवड्यात तुम्ही डिस्क बदलायला मशीन खोलून बसलात. सांगूनही जोडलं नाहीत. नेमणुकीचं पत्र पाच दिवस दार वाजवून परत गेलं, आणि मी फोन केला तोवर त्यांनी दुसरीला घेतलं होतं. मी ओट्याला टेकून रडत होते. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर पुसत म्हणालात, "गरज असणारा परत लिहितो." मी नाशिकमध्येच राहिले. तुमची पथ्यं आणि औषधं बघायला कुणीतरी हवंच होतं.

मग तुम्ही हॉस्पिटलात. दादाचा मला फोन आला. अप्पा फोनवर माझं ऐकून घेणार नाहीत, म्हणाला, मी सगळं लिहितो, आज संध्याकाळी त्यांच्या पत्त्यावर पाठवतो, तू वाचून दाखव. मी तुम्हाला तसं सांगितलं, आणि तुमचा चेहरा उजळला. तुम्हाला इतकी वर्षं भरवलं, धुतलं, पुसलं, त्यातल्या एकाही दिवशी तो तसा उजळला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की मशीन बंद आहे, लाइट गेलीय आणि इन्व्हर्टरची बॅटरीही उतरलीय.

तुम्ही बोटं मोजायला लागलात. "अजून चार दिवस आहेत." मग तीन. मग दोन. रोज मी डबा घेऊन येते, तुम्ही आधी डब्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघता. पाचव्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलंत. "बाळ, शेजाऱ्यांची बॅटरी माग गं. दार उघड तेवढं." जन्मात पहिल्यांदा मला बाळ म्हणालात. मी म्हटलं, बघते. सहाव्या दिवशी बोटं मोजली नाहीत. सातव्या दिवशी गेलात.

दादा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं मोबाइलवर परत आलेलं पत्र दाखवलं. "शेवटपर्यंत मला आत घेतलं नाही गं त्यांनी," म्हणाला. मी त्याला सांगितलं की अप्पा म्हणायचे, गरज असणारा परत लिहितो. तो पोरासारखा रडला. मी चहा टाकला.

हे सगळं मी तुमच्याच मशीनवर लिहितेय. तुमचा पत्ता मी पुसलेला नाही. पाठवलं तर क्षणात पोचेल, याच फळीवर, आणि उघडून वाचणारीही मीच. म्हणून राहू देते.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात आपल्याकडे लाइट एकदाही गेली नाही. दादाचा फोन आला त्याच दिवशी, दुपारी घरी येऊन, मी पिन माझ्या हातानं काढली. पंखा थांबला. मग मी ओट्यावर, तुमच्या मशीनच्या बरोबर खाली, आमटीला फोडणी दिली. आणि अप्पा, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.