दारातला निरोप

छावणी, औरंगाबाद
४ जून १९६२

आपणांस नमस्कार.

वीणा नीट जेवते, काळजी नसावी. आपण तिकडं कन्नडला वेळेवर जेवता ना?

येत्या सोमवारपासून ती बालवर्गात जाणार, माझ्यासारखीच नन्सच्या शाळेत. नाव सांगते, बुटाचे बंद बांधते. पण आपली सुमती गेल्यापासून मला सोडत नाही. म्हणून घरीच सराव करतो. मी "येते हं" म्हणून दाराबाहेर पडले, की आकांत करते.

आज म्हणाली, "आजी, येते नको म्हणू. दवाखान्यात जाताना आईपण येते म्हणाली होती. तू जाते म्हण."

निघताना जाते म्हणू नये, हे सुमतीला मीच शिकवलं होतं.

मी "जाते" म्हणाले. वीणा रडली नाही, पाटी घेऊन बसली. मला मात्र बराच वेळ आत येववेना.

आपली,
लीला