घट्ट धरणारा टायटॅनियम

कोन, भिवंडी
३ फेब्रुवारी २०२५

ती. मृणालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई-भाऊंची तब्येत चांगली आहे. फोन केला की आई तो स्पीकरवर टाकायला लावते, म्हणून पत्र.

रंजिताकडून होकार आला. मी तिला आवडलो, असं ती स्वतः म्हणाली. (हे मी पुन्हा विचारून घेतलं.) पण पडघ्याच्या रक्ततपासणी लॅबमधली नोकरी ती लग्नानंतर सोडणार नाही. आईचं म्हणणं, घरात काय कमी हाय म्हणून सून बाहेर जाईल? तेवीस तारखेला, रविवारी, ते लोक येतील. नोकरीला होकार मिळाला तरच साखरपुडा, नाहीतर राम राम. मला झोप नाही.

शेजारच्या ठमाबाई सांगत फिरतात की तू पुण्यात प्लॅटिनमचे दागिने घडवतेस. भाऊंना खुलासा हवा आहे. मला बारावीत रसायनशास्त्रानेच अडवलं, तेव्हा सोपं लिही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
प्रितेश


पुणे, ७ फेब्रुवारी

चि. प्रितेशास अ. आ.

ठमाबाईंना सांग, माझ्या प्रयोगशाळेतलं सगळं प्लॅटिनम गोळा केलं तरी नथीचा मणी होणार नाही. प्रोपेन नावाच्या गॅसमधून थोडा हायड्रोजन काढला की प्रोपिलीन मिळतं. तुमच्या गोडाऊनमधल्या प्लॅस्टिकच्या गोण्या त्याच्याच. तो हायड्रोजन काढायचं काम प्लॅटिनम करतं. त्याचे अतिबारीक कण आम्ही एका भुकटीवर बसवतो. ती भुकटी म्हणजे आधार. आधाराची पकड सैल असेल तर भट्टीत कण भटकतात, एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि आतलं प्लॅटिनम वाया जातं. म्हणून मी घट्ट धरणारा आधार घेतला, टायटॅनियमचा. तो एवढा मायाळू, की हायड्रोजनमध्ये तापवल्यावर कणांवरच चढून बसला. प्लॅटिनम सुखरूप आणि काम बंद! गॅस त्याच्यापर्यंत पोचेल तर ना.

पुढचं फक्त तुझ्यासाठी, ओटीवर वाचू नकोस. हा टायटॅनियम पाहून मला आपली आई आठवली. तोंड उघड, नाहीतर रंजिता जाईल.

लोभ आहेच, धीरही असू दे.
मृणाली


कोन, १२ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र ओटीवर वाचलं. घरात आलेला कागद, मग लाईटचं बिल का असेना, जेवणानंतर मोठ्याने वाचायचा आणि काही गाळायचं नाही, हा भाऊंचा नियम. ‘फक्त तुझ्यासाठी’ हेही मी स्पष्ट वाचलं. तेव्हा ठमाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

आई काल म्हणाली, भात तुझा तू घे, मी कशाला कुणाच्या डोक्यावर चढू? भाऊ खोकल्याच्या निमित्ताने हसत बसतात.

चढलेला थर उतरतो का, हे आईला हवं आहे. तिने विचारलं असं लिहू नको म्हणाली. तेवीस तारखेच्या आत कळव.

तुझा घाबरलेला,
प्रितेश


पुणे, १६ फेब्रुवारी

चि. प्रितेशास अ. आ.

उतरतो. ऑक्सिजनमध्ये तापवला की थर मागे सरतो, प्लॅटिनम मोकळं होतं. पुन्हा हायड्रोजन दिला की पुन्हा चढतो. स्वभाव आहे तो. पण आधार काढून टाकता येत नाही. आधार नसला तर प्लॅटिनमचा नुसता गोळा. हे मात्र मोठ्याने वाच, आणि आईला नमस्कार सांग.

मृणाली


कोन, २३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र वाचलं. ‘नुसता गोळा’ आईने पुन्हा वाचायला लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

आज रंजिताने चहा घ्यायच्या आधीच नोकरीचं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर मी पाठ केलं होतं, तरी तोंडून एवढंच आलं की ती कामाला जाईल आणि तिचा डबा मी भरेन. ठमाबाईंना ठसका लागला. आईने त्यांची पाठ थोपटली. मग म्हणाली, जाऊ दे तिला. मी सुटलो म्हणेपर्यंत तिने विचारलं, लॅबमध्ये बसायला बाकडं हाय ना? पहिला महिना ती सोबत जाणार होती.

मी आईला नको नको खुणावलं. रंजिता मात्र हसली. म्हणाली, या की आई, पण एकच दिवस, तोही उपाशीपोटी; तुमची साखर मीच तपासते. आई एवढी हरखली की साखरपुड्याची तारीख तिनेच काढली.

तू ये. लोभाला खंड नको.
प्रितेश