आयलीची अठरा मिनिटं

ती. हेल्मीताईच्या सेवेशी,

धाकट्या अर्नीचा नमस्कार (टोपी काढून लिहितो आहे, आणि आज हॉकी मैदानाच्या शेडमध्ये उणे बावीस आहे, यावरून आदर किती ते समजून घे). तुझा खुबा कसा आहे? डुलुथला सरोवरावरून येणारा वारा नेमका तुझाच खुबा शोधत येतो असं तू लिहिलं होतंस. वाऱ्याचा बंदोबस्त माझ्या हातात नाही, पण रविवारी चर्चमध्ये तुझ्या खुब्याचं नाव मी प्रार्थनेच्या यादीत घालायला लावलं. (पाद्रीबाईंनी चुकून तो वारला असं वाचलं. लोक माझ्या घरी दुखवट्याचा पुल्ला पाव घेऊन आले. गोड होता, मी खाल्ला.) शेजारणीने तुझं बर्फ ओढायचं फावडं परत केलं का? केलं नसेल तर तोंडाने मागू नकोस, उगाच वाईटपणा येतो. तिची शिडी उचलून आण. माझी तब्येत ठणठणीत. डॉक्टर मीठ बंद करा म्हणतो, पण तो दक्षिणेकडचा आहे, त्याचं किती मनावर घ्यायचं.

तू विचारलंस, आपल्या आयलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष कसं चाललं आहे, आणि बर्फावरच्या हॉकीत ती एकदा तरी खेळली का. ताई, हा प्रश्न गावात कोणी मला तोंडावर विचारत नाही, तू एकटीच विचारतेस. तेहतीस वर्षं नर्स होतीस, माणसाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवायची तुला सवयच आहे. तर ऐक. संघात गोलकीपर तीन, आणि आपली तिसरी. एक नंबरची कॅसडी खेळते. कॅसडीला काही झालं तर दोन नंबरची मॅरिन खेळते. तिसरी खेळाडूंच्या बाकासमोरचं, बर्फावर जायचं दार उघडते आणि बंद करते. साडेतीन वर्षं आपल्या पोरीने ते दार असं उघडलं आहे की कोणाची बोटं सापडली नाहीत, कोणाचा स्केट अडकला नाही. सरावात मात्र सगळ्या जणींनी मारलेल्या रबरी चकत्या ती अंगावर घेते. (तिच्या दंडावरचे डाग पाहून दंतवैद्याने मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.) आणि प्रत्येक सामन्याला ती पायाला गाद्या बांधून, छातीला कवच लावून, नवऱ्या मुलीसारखी नटून बसते, आणि तशीच्या तशी घरी येते. मी एकदा म्हटलंसुद्धा, ‘‘बाळा, सोडून दे की. शेवटचं वर्ष तरी मजेत घालव.’’ तर म्हणाली, ‘‘बाबा, मला एक मिनिट हवंय. एकच. मग सोडते.’’ मी मैदानाची बर्फ घासायची गाडी काढली आणि बर्फ गुळगुळीत करायला गेलो, जो मी सकाळीच गुळगुळीत केला होता.

तर यंदाचा मोसम. ऑक्टोबरपासून आम्ही ओळीने सात सामने हरलो. आठव्याला एक गंमत झाली, आणि तिला मी कारणीभूत. तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मी ती गाडी मैदानावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत आलो. त्या दिवशी दुसऱ्या सत्रानंतर गाडी बाहेर काढताना माझं लक्ष बाकावर गेलं. आयली एकटीच बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या नावाप्रमाणे ओळीत लावत होती, आणि ते बघताना मी गाडी उलटी वळवली. अर्धी फेरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण बर्फावर मधेच गाडी फिरवली की ओरखडा उठतो, म्हणून तसाच रेटत गेलो. सामना आम्ही चार-एकने जिंकलो. दुसऱ्या दिवशी अख्खा संघ माझ्या शेडच्या दारात उभा. ‘‘कोस्केला काका, आता गाडी उलटीच.’’ मी म्हटलं, मुलींनो, मी देव मानणारा माणूस आहे, असल्या खुळचटपणावर माझा विश्वास नाही. तर कॅसडी म्हणाली, ‘‘आमचा तरी कुठे आहे काका? पण जिंकलो ना!’’ तिने कालचे जिंकलेले मोजे न धुता तसेच घातले होते, हे मला वासावरून कळलंच होतं. तेव्हापासून मी उलटा फिरतो आहे. मान डावीकडे अवघडली आहे. चर्चमध्ये शेजारी बसलेल्या तुओमीबाईंना वाटतं मी त्यांच्याकडे बघतो, आणि त्या आता केस बांधून येऊ लागल्या आहेत. संघ मात्र नऊपैकी सहा जिंकला, त्यामुळे तक्रार करायची सोय उरली नाही.

आता जानेवारीतला अस्वलांचा सामना. आपल्याकडची रीत तू विसरली नसशील: घरच्या संघाने पहिला गोल केला की प्रेक्षकांनी कापडी अस्वलं बर्फावर फेकायची, आणि मग ती इस्पितळातल्या मुलांना द्यायची. फार चांगली रीत आहे, फक्त तिला एक गोल लागतो. पहिलं सत्र कोरडं गेलं, दुसरं कोरडं गेलं. सहाशे माणसं मांडीवर अस्वलं घेऊन बसलेली. कोणाला टाळ्या वाजवता येईनात, कोणाला कॉफी धरता येईना. तिसरं सत्र सुरू झालं आणि दुसऱ्याच मिनिटाला चकती जाळ्यात गेली. लोकांना दोन तासांची घाई झालेली. अस्वलं, ससे, एक शहामृग, सगळं धो धो कोसळलं. आणि त्या पावसात पंच दोन्ही हात आडवे हलवत उभा: शिट्टी आधीच झाली होती, गोल नाही. वर खेळ खोळंबवल्याबद्दल आम्हालाच दोन मिनिटांची शिक्षा. तुओमीबाई उठून ओरडल्या, ‘‘अरे मेल्या, आजारी पोरांच्या खेळण्यांना शिक्षा करतोस? आई आहे का नाही तुला?’’ पंच म्हणाला, ‘‘आहे, तिकडे चौथ्या रांगेत बसलीय. तिनेच शहामृग टाकलाय.’’

मग सगळं आवरायला मी गाडी आणली. (आणायची गरज नव्हती. पोरी हाताने गोळा करत होत्या. पण माझ्यासमोर बर्फावर कचरा पडला की मला राहवत नाही.) एक पांढरं अस्वल पांढऱ्या बर्फावर मला दिसलं नाही. ते गाडीच्या पात्याखाली गेलं, पोटातला कापूस आत ओढला गेला आणि एकतीस वर्षांत प्रथमच माझी गाडी मैदानाच्या मधोमध बंद पडली, कापूस ओकत. पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी मोठ्याने रडू लागली. त्या गडबडीत मागे सरकणाऱ्या कॅसडीचा स्केट एका कापडी सील माशावर पडला आणि तिचा गुडघा पिरगळला. मॅरिन तर सकाळपासून अंड्याच्या सँडविचच्या कृपेने न्हाणीघराला आतून कडी लावून बसली होती. कोच ट्रूडी दिवसाला सहा शब्द बोलते, त्यातले दोन तिने तिथे खर्च केले: ‘‘कोस्केला, हेल्मेट.’’ मला वाटलं मला म्हणते आहे, म्हणून मी डोक्याला हात लावला. तर आयली बाकावरून उठली. तिच्यासाठी दार उघडायला कोणी नव्हतं, सवय नाही ना कोणाला. तिनेच उघडलं, बाहेर पडली आणि वळून नीट लावून घेतलं.

ताई, सत्राची उरलेली अठरा मिनिटं. पहिली दोन आमची एक मुलगी शिक्षा भोगत बाहेर. अकरा फटके आले आणि अकराही तिने अडवले! शेवटच्या मिनिटाला आमचा गोल झाला. फेकायला अस्वलं उरली नव्हती, म्हणून लोकांनी हातमोजे, टोप्या फेकल्या. (तीन माणसांचे कान त्या दिवशी गारठले. तक्रार एकानेही केली नाही.) ती कशी खेळली याचं मी काय वर्णन करू? गाद्यांवर चकती आदळल्याचा आवाज येतो ना, तो घुमायचा, मग क्षणभर सगळं गप्प, मग लोक ओरडायचे. बघण्यासारखं होतं, एवढंच म्हणतो.

आता येत्या शनिवारी संध्याकाळी घरचा शेवटचा सामना आहे. शेवटच्या वर्षाच्या मुली आईबापांचा हात धरून बर्फावर येतात. कॅसडीचा गुडघा बरा झाला आहे, तरी ट्रूडीने आयलीला पहिल्या मिनिटापासून उभं करायचं ठरवलं आहे. पण तू येऊ नकोस. रस्त्यावर बर्फ आहे, तुझा खुबा आहे, आणि हॉकी तुला कधी आवडली नाही. सविस्तर कळवीनच. थोरल्यांच्या आशीर्वादावर आमचं बरं चाललं आहे, तो असाच इकडच्या दिशेने सोडत राहा.

तुझा,
अर्नी

ता. क. रस्ता तसा साफ आहे. मी स्वतः गावातल्या कंदाक्याला विचारलं, तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. दुपारी निघालीस तर चारपर्यंत येशील. सौनाची वाफेची खोली तापवून ठेवीन, खुब्याला बरं.

ता. क. दुसरा. तुला खोटं लिहून मला झोप लागायची नाही. मी त्या अठरा मिनिटांतलं एकही मिनिट पाहिलं नाही. बंद पडलेली गाडी ढकलत शेडमध्ये नेली, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बादलीवर बसलो. जे लिहिलं ते आवाज ऐकून. पोर लहान होती तेव्हाही मी बाहेर गाड्यांमध्ये उभा राहायचो आणि तिची आई येऊन सगळं सांगायची. कॅरलला जाऊन सहा वर्षं झाली, आता सांगणारं कोणी नाही. पोरीच्या अंगावर चकती आलेली मला बघवत नाही आणि चकती तिला चुकवून आत गेलेली तर त्याहून नाही. घरी आल्यावर आयलीने बटाट्याची हॉटडिश खाता खाता विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला कुठला बचाव आवडला?’’ मी म्हटलं, तो डावा पाय लांबवून अगदी रेषेवरून बाहेर ढकललास तो. तिने माझ्या ताटलीत आणखी एक डाव वाढला. ‘‘हो,’’ म्हणाली, ‘‘मलाही तोच.’’ साडेतीन वर्षं तिने एका मिनिटाची वाट बघितली, आणि मी बादलीवर बसलो होतो, ताई. मला फार लाज वाटते. तू दांडग्या दांडग्या माणसांना इंजेक्शनसाठी धरून ठेवायचीस. शनिवारी माझा दंड धर आणि सोडू नकोस. येच.

ता. क. तिसरा, आयलीच्या हातचा. आत्या, बाबांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं, पण पाकीट चिकटवायला विसरले. बाबांनी पाहिलं नाही, हे मला आधीच माहीत होतं. शेडचं दार माझ्या जाळ्याच्या बरोबर समोर आहे, अठरा मिनिटं ते बंद होतं. अकरा फटक्यांपैकी नऊ माझ्या छातीवर आले, एक हातात बसला, एक मला दिसलाच नाही, तो खांबाला लागला. डाव्या पायाने मी काहीच अडवलं नाही. पण तो डाव्या पायाचा बचाव मी सगळ्या संघाला सांगितला आहे, आणि आजवरचा माझा सगळ्यात चांगला तोच आहे. तू ये. त्यांना घट्ट धर. त्यांनी डोळे मिटले तरी चालेल, पण या वेळी त्यांना शेडच्या दाराच्या अलीकडे ठेव.